ग्राहकांच्या खात्यातल्या किरकोळ बाक्या: राउंड ऑफला टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतली भागीदारी फर्म आहे. मशीनचे सुटे भाग विकते, शिवाय देखभाल-दुरुस्तीची बिलं करते, सगळ्यावर जीएसटी १८ टक्के. हिशेब टॅलीप्राइम या सॉफ्टवेअरमध्ये. साधारण १४० पार्ट्यांच्या खात्यांत ४० पैशांपासून १,२०० रुपयांपर्यंतच्या बाक्या लटकल्या आहेत, बहुतेक नावे (म्हणजे त्यांच्याकडून येणं), काही जमा (म्हणजे त्यांचे जास्तीचे पैसे तुमच्याकडे). सीएंनी ३१ मार्चच्या आत यादी साफ करा म्हणून सांगितलंय. सगळ्यांची मिळून एकच जर्नल (रोख-बँक न हलवता खात्याखात्यांत केलेली नोंद) मारून राउंड ऑफ खात्यात टाकली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

बऱ्याचशा बाक्या शेवटी जर्नलनेच जातील हे खरं. पण राउंड ऑफ खात्यात नकोत, आणि सगळ्या एका दमात तर नकोतच. खातं शून्य करायला दोन मिनिटं लागतात. पैसे कमी का आले हे प्रत्येक बाकीला विचारणं हेच खरं काम आहे, कारण तुमच्या यादीतल्या कितीतरी रकमा बुडालेल्या नसून दुसऱ्या कुणाकडे तरी तुमच्या नावावर जमा आहेत. त्या खर्ची टाकल्या तर स्वतःचे पैसे स्वतःच सोडून दिल्यासारखं होईल.

आधी यादी कामाची करून घ्या. पार्टीवार बाकीची यादी इथे उपयोगी नाही, बिलवार यादी हवी. डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स, स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्स, आउटस्टँडिंग्ज, तिथून रिसीव्हेबल्स. ती एक्सेलमध्ये काढा. सेल्स रजिस्टर वेगळं काढून बिल नंबरवरून प्रत्येक ओळीपुढे बिलाची करपात्र रक्कम (जीएसटी लागण्याआधीची) आणि एकूण रक्कम आणा. मग दोन रकाने वाढवा: बाकी भागिले करपात्र रक्कम, आणि बाकी भागिले एकूण रक्कम, दोन्ही टक्क्यांत. आता यादी नावाने न लावता या टक्क्यांनी लावा. अर्धी यादी इथेच बोलायला लागते.

करपात्र रकमेच्या बरोबर २ टक्के बाकी असेल तर तो टीडीएस आहे, म्हणजे ग्राहकाने पैसे देतानाच कापून तुमच्या नावावर सरकारकडे भरलेला कर. देखभालीचं ५०,००० चं बिल, त्यावर ९,००० जीएसटी, एकूण ५९,०००. ग्राहकाने कंत्राटावरचा टीडीएस म्हणून १,००० कापले आणि ५८,००० पाठवले. हिशेब लिहिणाऱ्याने बँकेत आले तेवढेच ५८,००० पार्टीला जमा केले आणि १,००० कायमचे लटकले. तुमची फर्म आहे म्हणून २ टक्के. बिल करणारी एकटी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असतं तर १ टक्का. काही ग्राहक जीएसटीसकट रकमेवर टीडीएस कापतात, म्हणजे इथे ५९,००० वर १,१८०. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असताना तसं कापायचं नसतं, पण कापलाच आणि भरलाच असेल तर ते १,१८० तुमच्या २६एएस मध्ये (आयकर खात्याकडचा तुमच्या टीडीएसचा उतारा) दिसतात आणि तुम्हाला पूर्ण मिळतात. म्हणून दुसरा रकाना: एकूण रकमेच्या बरोबर २ टक्के असेल तर हा प्रकार.

करपात्र रकमेच्या ०.१ टक्के बाकी फसवी असते, कारण ती दिसायलाच किरकोळ दिसते. वर्षभरात तुमच्याकडून ५० लाखांच्या वर खरेदी करणारा मोठा ग्राहक (ज्याची आदल्या वर्षीची उलाढाल १० कोटींच्या वर आहे असा) ५० लाखांच्या पुढच्या रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापतो. ८४,००० च्या मालावर ते होतात ८४ रुपये. बिल ९९,१२० चं, आले ९९,०३६. ८४ रुपये बघून कुणालाही वाटतं की टाका राउंड ऑफला. पण अशी ६० बिलं झाली की ५,०४० रुपयांचा कर तुम्ही भरलेला असतो आणि त्याचं श्रेय पुस्तकात कुठेच नसतं.

ग्राहक सरकारी खातं किंवा महापालिका असेल तर आयकराच्या टीडीएसखेरीज जीएसटीचा २ टक्के टीडीएसही कापला जातो, कंत्राट अडीच लाखांच्या वरचं असेल तेव्हा. तेव्हा बाकी करपात्र रकमेच्या ४ टक्के दिसते. यातले २ टक्के आयकराचे, २ टक्के जीएसटीचे. जीएसटीवाले पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिट रिसीव्ह्डमध्ये जाऊन स्वीकारावे लागतात, मग ते तुमच्या पोर्टलवरच्या रोख खातेवहीत येतात आणि पुढच्या कराला वापरता येतात. कुणी स्वीकारायलाच गेलं नाही म्हणून पडून राहिलेल्या रकमा बऱ्याच फर्मांत सापडतात.

एकूण रकमेच्या २.३६ टक्के? ते पेमेंट गेटवेचं शुल्क. दर २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. ५,९०० च्या बिलावर ११८ अधिक २१.२४ असे १३९.२४ कापून ५,७६०.७६ तुमच्या बँकेत येतात. ग्राहकाने मात्र पूर्ण ५,९०० दिलेत, त्याच्याकडे एक पैसाही येणं नाही. गेटवे दर महिन्याला शुल्काचं कर-बिल देतो, त्यातले २१.२४ तुमचं इनपुट क्रेडिट आहे, म्हणजे तुमच्या जीएसटीतून वजा मिळणारी रक्कम. तुमचा दर दीड टक्का किंवा आणखी काही असेल तर टक्केवारी तशी बदलेल. कराराचा कागद समोर ठेवा.

आणि एकूण रकमेच्या १५.२५ टक्के, म्हणजे ११८ मधले १८, बाकी असेल तर ग्राहकाने तुमचा जीएसटी अडवून ठेवलाय. १,१८० च्या बिलाचे १,००० आले, १८० राहिले. हे वसुलीचं प्रकरणच नाही. तुमचं बिल त्याच्या २बी मध्ये (पोर्टलवरची त्याच्या इनपुट क्रेडिटची यादी) दिसत नाहीये. एकतर जीएसटीआर-१ मध्ये (तुमच्या विक्रीचं विवरण) त्याचा जीएसटी नंबर चुकलाय किंवा बिल बिगरनोंदणी ग्राहकाच्या रकान्यात गेलंय. पुढच्या विवरणात दुरुस्ती करून त्याला कळवलं की पैसे येतात. त्या दुरुस्तीला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते (वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तिथेच संपते), म्हणून या ओळी यादीत सगळ्यात आधी हाती घ्या.

पाच किंवा दहा टक्क्यांची गोल बाकी दिसली तर खरेदी आदेश उघडून बघा. रिटेन्शन असतं. हमीचा काळ संपेपर्यंत ग्राहकाने ठेवून घेतलेले पैसे ते, खर्ची टाकायचे नाहीतच.

हे सगळं चाळून झाल्यावर उरतात त्या रकमांना कुठलीच टक्केवारी लागू पडत नाही. यात तीन-चार जाती असतात.

पहिली, पैशांची. बिल २३,५९९.६४ चं, ग्राहकाने २३,६०० दिले किंवा २३,५९९. याचं मूळ बिलातच आहे. राउंड ऑफचं लेजर तयार करताना टाइप ऑफ लेजरमध्ये इनव्हॉइस राउंडिंग, पद्धत नॉर्मल, मर्यादा १ अशी ठेवली आणि प्रत्येक बिलात ते घेतलं तर पुढे ही बाकी जन्मालाच येत नाही. जुनी बिलं उघडून रक्कम बदलायचा मोह मात्र आवरा. जीएसटीआर-१ भरून झालाय, ई-इनव्हॉइस असेल तर त्याचा आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला क्रमांक) जुन्या रकमेवर निघालाय, आणि ग्राहकाकडची प्रत वेगळी आहे. तीन कागद तीन आकडे बोलायला लागले की ४० पैशांसाठी खुलासे लिहीत बसावं लागतं.

दुसरी, खात्यातली गुंतागुंत, आणि हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. कितीतरी पार्ट्यांच्या लेजरची बाकी शून्य असते, तरी बिलवार यादीत एका बिलावर २४० नावे आणि खाली ऑन अकाउंट (कुठल्याच बिलाला न जोडलेले) २४० जमा दिसतात. पावती टाकताना बिल न निवडता पुढे गेल्याचा हा परिणाम. इथे खर्ची टाकायला काहीच नाही, फक्त जोडायचं आहे. चालू वर्षातली पावती असेल तर ती उघडून बिल-वाइज तपशिलात ऑन अकाउंट काढून अगेन्स्ट रेफ (म्हणजे ठरावीक बिलासमोर) करा. मागच्या, बंद झालेल्या वर्षातली असेल तर तिला हात न लावता आजच्या तारखेची जर्नल करा: तीच पार्टी नावे २४० ऑन अकाउंट, तीच पार्टी जमा २४० अगेन्स्ट रेफ, संबंधित बिल. लेजरची बाकी हलत नाही, यादी साफ होते. असल्या ओळी सरसकट खर्ची टाकल्या तर शून्य असलेलं खातं २४० जमा दाखवायला लागतं आणि पुढच्या मार्चला तुम्ही ती जमा बाकी कशाची म्हणून शोधत बसता.

याच जातीत एकाच ग्राहकाची दोन खाती येतात. स्पेलिंगमधला फरक, किंवा मालाचं एक आणि सर्व्हिसचं एक. एकात ४,७२० नावे, दुसऱ्यात ४,७२० जमा. जीएसटी नंबरवर यादी लावली की जोड्या सापडतात. नावावर लावली तर सापडत नाहीत, कारण नावंच वेगळी लिहिलेली असतात. आणि एकरकमी पैसे आले की हिशेब लिहिणारा जुन्या बिलापासून भरत जातो; ग्राहकाने मात्र मधलं एक वादाचं बिल सोडून बाकीची भागवलेली असतात. मग खरी बाकी एका बिलावर आणि यादीतली बाकी दुसऱ्याच बिलावर. अशा वेळी त्याच्याकडून पेमेंट ॲडव्हाइस (कुठल्या बिलाचे किती दिले त्याचा कागद) मागवा, अंदाजाने जुळवू नका.

तिसरी, ग्राहकाने मुद्दाम कापलेली रक्कम. दोन नग कमी निघाले, दर जास्त लावला, वाहतूक आम्ही दिली वगैरे. त्याच्याकडे डेबिट नोट (कापलेल्या रकमेचा कागद) तयार असते, तुमच्याकडे पोचलेली नसते. इथे रक्कम किती यापेक्षा कारण काय ते महत्त्वाचं. माल परत आला, बिलात मूल्य किंवा कर जास्त लागला, असं असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढता येते आणि तुमचा कर कमी होतो. यालाही तीच ३० नोव्हेंबरची मुदत. पण ग्राहकाने नुसते पैसे दिले नाहीत, किंवा तुम्ही कंटाळून सोडून दिले, तर जीएसटीत सवलत नाही. भरलेला कर भरलेलाच राहतो. ५९ रुपयांची बाकी खर्ची टाकलीत तर त्यातले कराचे ९ रुपयेही गेले, ते मागता येत नाहीत. ३०–४० रुपयांच्या दरफरकासाठी जीएसटीची क्रेडिट नोट काढू नका असं माझं मत आहे. ती विवरणात दाखवा, ग्राहकाने तेवढं क्रेडिट उलटवलं का बघा, एवढ्या उठाठेवीची किंमत ४० रुपयांपेक्षा जास्त होते. नेमकी कुठे रेघ मारायची हे तुमच्या बिलांच्या आकारावर आहे.

चौथी जात बँकेच्या कापाकापीची, आणि ती मुख्यतः निर्यातीत. तुमची निर्यात असेल तर रकमेचे दोन भाग करा: मधल्या बँकेने कापलेले डॉलर हा बँक खर्च, आणि दरातला फरक हा विनिमय नफा-तोटा. दोन्ही एका खात्यात घालू नका, आणि तुमच्या बँकेत त्या शिपिंग बिलाची (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) नोंद पूर्ण झाली का ते आधी विचारा.

आता खऱ्या अर्थाने सोडून द्यायच्या रकमा उरल्या. माझ्या अंदाजाने १४० पैकी बऱ्याच इथवर पोचणारही नाहीत.

यांच्यासाठी राउंड ऑफ का नको, ते सांगतो. ते खातं बिलाच्या आतलं आहे. बिलाची बेरीज पूर्ण रुपयात आणताना पैसे इकडे-तिकडे होतात ते त्यात बसतात, वर्षअखेर त्याची बाकी दोन-चारशे रुपयांच्या आत असायला हवी. त्यात वसुलीतली सूट घातली की खात्यात ११,००० दिसतात आणि ऑडिटर पहिला प्रश्न त्याच खात्यावर विचारतो. शिवाय कुणाला किती सोडलं ते पुन्हा शोधता येत नाही. त्याऐवजी दोन खाती उघडा. इनडायरेक्ट एक्सपेन्सेसखाली ‘कसर-वटाव दिला’, इनडायरेक्ट इन्कम्सखाली ‘कसर-वटाव मिळाला’. नावे आणि जमा एकाच खात्यात घालून एकमेकांत वजा करू नका. ९,००० सोडले आणि ८,५०० ओढले तर खात्यात ५०० दिसतात आणि दोन्ही बाजूंचा गोंधळ झाकला जातो.

जर्नलसाठी नेहमीचा एफ७ न वापरता जर्नलवर आधारित वेगळा व्हाउचर टाइप करा, ‘कसर-वटाव जर्नल’ नावाने, त्याला स्वतःचे क्रमांक द्या. वर्षात काय काय सोडलं ते एका रजिस्टरमध्ये दिसतं. एका व्हाउचरमध्ये वीस-पंचवीस पार्ट्या चालतील: वर कसर-वटाव दिला नावे, एकूण रक्कम, खाली एकेक पार्टी जमा. चूक होते ती इथे. पार्टीची रक्कम टाकल्यावर बिल-वाइज खिडकी उघडते. तिथे अगेन्स्ट रेफ निवडून त्याच बिलावर रक्कम टाकायची. घाईत एंटर मारत गेलात आणि न्यू रेफ (नवीन संदर्भ) किंवा ऑन अकाउंट पडलं, तर लेजर शून्य होतं पण बिल यादीत तसंच राहतं, शिवाय समोर एक जमा ओळ वाढते. व्हाउचर झाल्यावर रिसीव्हेबल्सची यादी पुन्हा उघडून त्या ओळी गेल्या का ते बघा. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा तक्ता) बघून हे कळत नाही. नॅरेशनमध्ये बिल नंबर, कारण आणि मंजुरी कुणाची ते लिहा. ‘बाकी साफ केली’ हे कारण नव्हे.

क्रेडिट नोट व्हाउचर वापरू नका. त्यात जीएसटीचं लेजर चुकून आलं तर ती रक्कम जीएसटीआर-१ मध्ये जाते, आणि नाही आलं तरी विवरणाच्या यादीत ती नोंद घुटमळत राहते. बाकी सोडून देणं म्हणजे विक्रीतला बदल नाही.

टीडीएसच्या ओळींसाठी जर्नल वेगळी: टीडीएस येणे नावे, पार्टी जमा, अगेन्स्ट रेफ. टीडीएस येणेचं खातं दर आर्थिक वर्षाचं स्वतंत्र ठेवा, करंट ॲसेट्सखाली. एक अडचण इथे हमखास येते. मागच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये सीएंनी २६एएस बघून पूर्ण टीडीएस घेतलेला असतो, पण पुस्तकात तो कधी आलेलाच नसतो. म्हणजे पैसे सरकारकडून मिळाले किंवा करात वळते झाले, आणि पार्टी अजून बाकीदार. अशा ओळी त्या वर्षाच्या टीडीएस येणे खात्यातूनच वळवायच्या. त्यांची यादी करून सीएंना एकदा दाखवा. पुढच्यासाठी पावतीतच सोय करा: कंट्रोल+एचने डबल एन्ट्री घ्या, बँक नावे ५८,०००, टीडीएस येणे नावे १,०००, पार्टी जमा ५९,०००. पैसे आले त्याच दिवशी बिल बंद. झोहो बुक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पेमेंट नोंदवतानाच बँक खर्चाचा रकाना असतो आणि बिलावर राइट ऑफचं बटण असतं. तिथे सोय जास्त आहे, पण कारण न बघता बटण दाबलं की नुकसान तेच.

मर्यादा ठरवताना आकडा माझ्याकडून घेऊ नका, पद्धत घ्या. पाचशे-हजाराची बिलं करणाऱ्या दुकानाची आणि पाच-पाच लाखांची बिलं करणाऱ्या कारखान्याची रेघ एक नसते. तुमच्यासारख्या मिश्र धंद्यात मी साधारण असं ठेवतो: १ रुपयापर्यंत लगेच, १०० रुपयांपर्यंत ९० दिवस झाल्यावर, टक्केवारीची चाळणी लावून, त्यापुढे प्रत्येक ओळीवर मालकाची सही आणि एक ओळीचं कारण. हे एका कागदावर लिहून भागीदारांच्या सह्या घ्या. नियमित व्यवहार असलेल्या पार्टीला हे लावायची गरजच नाही. तिच्या पुढच्या स्टेटमेंटमध्ये ६२ रुपये दाखवा, पुढच्या पेमेंटमध्ये येतात. सोडायचं ते व्यवहार थांबलेल्यांचं.

वसुली करणारा आणि कसर-वटाव टाकणारा माणूस एक नसावा. रोखीने ५०० रुपये आले, खिशात गेले आणि खातं कसर-वटावने शून्य झालं, तर ग्राहकही तक्रार करत नाही आणि यादीही स्वच्छ दिसते. टॅलीत युजरचे अधिकार ठरवता येतात. पावती टाकणाऱ्याला हा व्हाउचर टाइप बंद ठेवा. आणि दर तिमाहीला हे खातं एक्सेलमध्ये काढून पार्टीवार बेरीज करा. दर बिलात न चुकता ९० रुपये कमी देणारा एखादा सापडतो. २४ बिलांत ते २,१६० होतात. तो विसरत नाहीये, त्याला कळलंय की तुम्ही सोडता. अशाला फोन केलेला बरा. मोठ्या रकमेला जीएसटीतला १८० दिवसांचा नियमही आठवण करून द्यायला बरा: बिलाच्या तारखेपासून तेवढ्या दिवसांत करासकट रक्कम दिली नाही तर खरेदीदाराला त्या प्रमाणात इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं.

आयकराची चिंता नावे बाक्यांबाबत फारशी नको. १९६१ च्या आयकर कायद्यात (तो ३१ मार्च २०२६ पर्यंतचा) कलम ३६(१)(vii) खाली बुडीत येणं वजा मिळण्यासाठी ते पुस्तकात खर्ची टाकलेलं असणं पुरेसं आहे, ते खरोखर बुडालं हे सिद्ध करत बसावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. येणं आधी उत्पन्नात धरलेलं असायला हवं एवढी अट. तुमची विक्री धरलेली आहेच.

जमा बाक्या हा वेगळा विषय आहे आणि त्यात हात आखडता घ्या. ते पैसे तुमचे नाहीत. एकच रक्कम दोनदा आली, दुसऱ्या पार्टीचे पैसे इथे पडले, पुढच्या कामाचा ॲडव्हान्स आहे, किंवा तुम्ही माल दिला आणि बिल करायचं राहिलं, यातलं काहीतरी असतं. शेवटचं असेल तर बिल करा, कर भरा. ॲडव्हान्स असेल आणि काम सर्व्हिसचं असेल तर जीएसटी पैसे मिळाल्या तारखेलाच लागतो. मालाच्या ॲडव्हान्सवर २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागत नाही. बिलापेक्षा जास्तीचे पैसे १,००० रुपयांपर्यंत आले असतील तर कायद्यातच सोय आहे: कलम १२ आणि १३ मध्ये तेवढ्या जास्तीच्या रकमेसाठी, तुमची इच्छा असेल तर, पुढच्या बिलाची तारीख धरता येते. म्हणून ३७ रुपये जास्त आले म्हणून धावपळ करू नका. परत करायचे असतील तर यूपीआयने परत करा, खर्च शून्य आहे आणि ग्राहकाच्या लक्षात राहतं. कुणीच मागत नाही, पत्ता लागत नाही, तीन वर्षं उलटली, अशा जमा बाक्या कसर-वटाव मिळाला खात्यात घेता येतात, पण मग ते उत्पन्न आहे आणि त्यावर आयकर लागतो. ग्राहकांच्या न मागितलेल्या जमा रकमा नफ्यात घेतल्या तर त्या करपात्र ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांच्या कंपनीच्या खटल्यात सांगितलं आहे. तुमची फर्म आहे. कंपनी असती तर मालासाठी घेतलेला ॲडव्हान्स ३६५ दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला की तो ठेव समजला जाण्याचा प्रश्नही उभा राहिला असता.

आता ३१ मार्चचं. सीएंची मुदत सगळ्या ओळींना लावू नका. जानेवारी ते मार्च तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला तुमच्या ग्राहकाला ३१ मेपर्यंत वेळ असतो, म्हणजे त्या तीन महिन्यांत कापलेला टीडीएस तुमच्या २६एएस मध्ये जूनच्या आसपास दिसेल. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरण ३१ जानेवारीला भरलेलं असतं. तेव्हा ३१ डिसेंबरपर्यंत पैसे आलेली बिलं या मार्चला तपासून बंद करा. जोडाजोडीच्या आणि दोन खात्यांच्या ओळीही आत्ताच उरका, त्यांना कुणाची वाट बघायची नाही. जानेवारीनंतर पैसे आलेल्या बिलांत टीडीएससारखी टक्केवारी दिसत असेल आणि ग्राहकाकडून कपातीचा आकडा लेखी आला असेल तर टीडीएस येणेला टाका, नसेल तर बाकी तशीच उभी ठेवा. सीएंना सांगा की या इतक्या ओळी २६एएस साठी थांबल्या आहेत. सोबत यादी दिली की ते हरकत घेत नाहीत.